पस्तीसची लेन्स आणि मोठ्याईचा दात

माझ्याकडे कॅमेरा आला तो लेन्सशिवाय. कॉलेजातली एक मैत्रीण परदेशात शिकायला चालली होती आणि सामान वाटून टाकत होती. लेन्स तिने आधीच कुणाला तरी देऊन टाकली होती, उरलेला धातूचा जड ठोकळा माझ्या वाट्याला आला. फिल्मचा कॅमेरा, माझ्यापेक्षा वयाने बराच मोठा. मी तो वणीला घरी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला. आईने त्याच्या समोरच्या गोल भगदाडात बोट घालून पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे चश्म्याची दांडी भेटली, काच नाई."

या जातीच्या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघतच नाही. बाजूला एक छोटी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. खिडकीच्या मधोमध एक पिवळसर ठिपका असतो आणि त्यात समोरचा माणूस दोनदा दिसतो. लेन्सवरची कडी फिरवत गेलं की दोन माणसं सरकत सरकत एक होतात. तसं झालं की फोकस झाला. हे सगळं मला पाठ होतं, फक्त फिरवायला कडी नव्हती.

नागपूरच्या एका जुन्या कॅमेरेवाल्याचा नंबर मिळाला. मी मेसेज टाइप केला, त्याने फोन केला. मी फोन उचलला नाही आणि पुन्हा मेसेज टाइप केला. त्याने पुन्हा फोन केला. शेवटी त्याने बोलून रेकॉर्ड करून पाठवलं, "ताई, रोजच्याले एकच लेन्स ठेवा. दोन असल्या का माणूस फोटो काढत नाई, लेन्सा बदलत बसते. एक पस्तीसची आणि एक पन्नासची पाठवून राह्यलो. पाहून घ्या. रविवारी माझा जावई साक्षगंधाले वणीले येऊन राह्यला, जे नाई पाह्यजे ते त्याच्याजवळ द्या." दुसऱ्या दिवशी ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरने स्टँडवर माझ्या हातात मिठाईचा डबा दिला. आत पन्नासची लेन्स रुमालात गुंडाळलेली होती आणि पस्तीसची तिच्या लोखंडी झाकणासकट. रुमालाला सोनपापडीचा वास होता.

हे आकडे मिलिमीटरचे. पन्नासची लेन्स दुरून बघते. ती थोडंच घेते, पण नीट घेते. पस्तीसची जास्त घेते, मात्र तिच्यासाठी आपल्याला जवळ जावं लागतं. इंटरनेटवर या दोघींवरून माणसं सख्ख्या भावांसारखी भांडतात. एक म्हणतो, पन्नास माणसाच्या डोळ्यासारखी बघते. दुसरा म्हणतो, छे, पस्तीस. मी सगळं वाचलं आणि मनातल्या मनात पन्नास ठेवून टाकली. मला जवळ जायचंच नव्हतं. आमच्या गल्लीत माझी ख्याती 'कॉन्व्हेंटवाली, बोलत नाई' अशी आहे आणि ती मी बऱ्याच मेहनतीने कमावलेली आहे. न बोलणाऱ्या माणसासमोर लोक काहीही बोलतात.

मग ताईने मला फ्रिजजवळ गाठलं.

ताई म्हणजे माझी चुलत बहीण. तिचे आईवडील, म्हणजे मोठे बाबा आणि मोठ्याई, आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. वर गच्ची एकच आहे. ताईचं लग्न उमरखेडला ठरलं होतं, पुढच्या महिन्यात. मी लोण्याच्या खणात फिल्मचे रोल लावत होते, कारण एप्रिलमध्ये आमच्याकडे बाहेर ठेवलेलं सगळंच शिजतं.

"लग्नाचा फोटोवाला मले गुलाबी करून ठेवीन," ताई म्हणाली. "थे ठीक हाय. पण मले आईचा एक फोटो पाह्यजे. हासतानाचा. उमरखेडले घेऊन जातो."

"तुझ्या मोबाइलमध्ये असेल ना."

"पाय. एक जरी भेटला तर सांग."

मी पाहिलं. एकही नव्हता. मोठ्याईचा समोरचा वरचा दात अर्धा तुटलेला आहे. ताईच्या जन्माआधी ऊस खाताना तुटला, तेव्हापासून तसाच. ती हसते तेव्हा तीन घरांपलीकडे ऐकू जातं. बायका बायका असल्या की डोकं मागे टाकून हसते. पण मोबाइल दिसला की आधी पदर तोंडावर येतो, मग हसू विझतं, आणि उरते ती ओठ घट्ट मिटलेली बाई, तोंडात टाचणी धरून निऱ्या करत असल्यासारखी. ताईच्या मोबाइलमध्ये आईचे फोटो भरपूर होते. प्रत्येकात टाचणी होती.

"सहा तासाची बस हाय उमरखेडची," ताई म्हणाली. "मले तिकडं आठवण येईन तं कोनती येईन? हे?" तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. फोटोत मोठ्याई सत्यनारायणाच्या पूजेला बसली होती. पूजेवरच राग असल्यासारखी.

मी हो म्हटलं. फ्रिजचं दार उघडं ठेवल्याबद्दल आई ओरडली म्हणून लवकर हो म्हटलं, असंही म्हणता येईल.

तो आठवडा वाळवणाचा होता. लग्नाच्या रुखवतात मांडायला पापड, कुरड्या, काडीवर वळलेले सरगुंडे लागतात आणि ते विकतचे मांडले तर मोठ्याईने लग्नच मोडलं असतं. आमच्याकडे या कामाला बोलावणं फिरतं. ज्या घरी वाळवण, त्या घरी प्रत्येक घरातून एक बाई आपलं पोळपाट-लाटणं घेऊन येते. वारा खाणींकडून वाहत असेल तर त्या दिवशी काम खाली हॉलमध्ये, नाहीतर कोळशाची भुकटी पापडावर बसते आणि मिरी घातल्यासारखी दिसते. वारा दुसरीकडून असला की गच्चीवर, हिरव्या जाळीच्या सावलीत.

पहिल्या दिवशी गच्ची होती आणि माझ्याकडे पन्नास होती. मी जिन्याच्या दारात उभी राहिले, अर्धी आत, अर्धी बाहेर. तिथून सगळ्या दिसत होत्या. मोठ्याई मधोमध, तिच्या उजव्या हाताला शेजारच्या खाला. खालांचं स्टँडरोडला बांगड्यांचं दुकान आहे आणि मोठ्याईशी त्यांचं रोज एकदा भांडण होतं. त्याशिवाय दोघींना जेवण पचत नाही.

"ये पापड है के रुमाल?" खाला मोठ्याईचा पापड उचलून म्हणाल्या.

"तुमच्या नाकाले पुरते," मोठ्याई म्हणाली.

बायका हसल्या. मी पिवळ्या ठिपक्यात दोन मोठ्याया एक करत होते. एक झाल्या, मी बटण दाबणार, तेवढ्यात पदर वर. मी कॅमेरा खाली केला, पदर खाली. मी कॅमेरा वर केला, पदर वर. माझ्याकडे तिने एकदाही बघितलं नव्हतं. म्हशीला शेपटीजवळची माशी न बघता कळते, तसं तिला कळत होतं.

"अवं, ते जिन्यात उभी काहून हाय?" एका काकूने विचारलं.

"शिकार करून राह्यली," मोठ्याई न वळता म्हणाली. "वाघीन हाय आमची. फक्त बसलेल्या म्हशीवर जाते."

त्या दुपारी मी बाथरूममध्ये फिल्म धुतली. आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट फिल्म धुणारं कुणी नाही, म्हणून मी डबी आणि औषधं मागवून घेतली आहेत. दाराबाहेर आई दर थोड्या वेळाने पाणी किती वाया जातंय ते सांगत होती. निगेटिव्ह दोरीवर वाळत घातली, टॉवेलच्या शेजारी. फोटो सुंदर आले होते. पदराचे. पदराचा एकेक धागा मोजावा इतका फोकस होता.

"मस्त," ताई निगेटिव्ह उजेडात धरून म्हणाली. "साडीच्या दुकानवाल्याले दे."

म्हणून दुसऱ्या दिवशी पस्तीस लावली. वारा खाणींकडून होता, काम हॉलमध्ये होतं. जिना नाही, दार नाही. पस्तीसने मोठ्याई मोठी दिसायची तर मला चटईवर जाऊन बसणं भाग होतं. आणि चटईवर नुसतं बसता येत नाही. मी टेकते न टेकते तोच माझ्यापुढे पोळपाट आलं.

मी लाटलेल्या पहिल्या पापडाकडे सगळ्या जरा वेळ बघत राहिल्या.

"हा कोनता जिल्हा हाय?" मोठ्याईने विचारलं.

"चंद्रपूर," कुणीतरी म्हणालं.

"नाई वं, चंद्रपूर खालून निमुळतं नाई."

माझ्या प्रत्येक पापडाला त्यांनी नाव दिलं. त्यातल्या एकाचं नाव मला लिहिता येणार नाही, लग्न झालेल्या बायकांनी दिलेलं होतं. आणि मोठ्याई हसत होती. डोकं मागे टाकून, तोंड उघडं, दातासकट, माझ्यापासून हातभर अंतरावर. पदर कमरेला तसाच. मी हात कुर्त्याला पुसायचे, कॅमेरा उचलायचे, दोन मोठ्याया एक करायचे, बटण दाबायचे. ती हलत नव्हती. उलट एकदा मान जराशी वळवून बसली, उजेड बरा पडावा तशी. मला वाटलं, हे सगळं लेन्सचं आहे. लांबून डोकावणाऱ्याला लोक घाबरतात, शेजारी बसलेल्याला नाही. याच्यावर मी मनात इंग्रजीत एक छान वाक्यही तयार केलं होतं.

रोल संपला. मी तो गुंडाळायला लागले तेव्हा खालांच्याने राहवलं नाही.

"बेटा," त्या म्हणाल्या, "अब तो ढक्कन निकाल."

मी कॅमेरा उलटा केला. पस्तीसच्या तोंडावर तिचं लोखंडी झाकण घट्ट बसलेलं होतं. खिडकीतून बघणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. पन्नासला झाकणच नव्हतं, रुमाल होता, म्हणून काढायची सवयही नव्हती. समोर बसलेल्यांना मात्र ते सकाळपासून दिसत होतं. सगळ्यांना.

"तुम्ही सांगितलं का नाही?" मी म्हटलं.

"कायले सांगाचं?" मोठ्याई म्हणाली. "झाकन होतं म्हनून तं हासली मी."

मग त्या इतक्या हसल्या की खालांना पाणी द्यावं लागलं. आणि ते हसणंही मोठ्याईचं, तोंड उघडून, आणि माझ्या कॅमेऱ्यात रोल नव्हता. संध्याकाळी ताईला सांगितलं तर तीही आधी हसली. मग म्हणाली, "जाऊ दे. नाई देत थे." ती ज्या सहजपणे बोलली ते मला आवडलं नाही. तिचा असा हार मानलेला आवाज मी आत्तापर्यंत फक्त ती फोनवर सासरच्यांशी बोलताना ऐकला होता.

उद्या शनिवार होता. रविवारी जावई एक लेन्स घेऊन जाणार. लोण्याच्या खणात एक रोल उरला होता.

शनिवारी कुरड्या होत्या. कुरडईचं काम पापडासारखं आरामाचं नाही. भिजवून वाटलेल्या गव्हाचा चीक पहाटेच शिजवतात आणि तो गरम आहे तोवरच साच्यातून निघतो. गार झाला की साचा फुटेल पण चीक हलणार नाही. म्हणून एकदा हात साच्याला लागले की भरलेला चीक संपेपर्यंत सुटत नाहीत. एका हाताने साचा धरायचा, दुसऱ्याने दांडी फिरवायची. मोठ्याईसारखी कसलेली बाई दर वेळी पदर आधी कमरेला दोन वेढे देऊन खोचते, कारण गरम चिकात पदर पडला तर पदर जातो आणि चीकही जातो.

आदल्या रात्री झोपताना मला एवढंच सुचलं होतं. हात आणि पदर.

सकाळी वारा बरा होता. गच्चीवर प्लास्टिक पसरलं होतं. मी मोठ्याईच्या समोर बसले, प्लास्टिक ताणून धरायचं काम मागून घेतलं. कॅमेरा गळ्यात, पोटापाशी. झाकण घरीच ठेवलं होतं. पस्तीसच्या कडीला बोटापुरता एक खुंटा असतो. तो सरकवून फोकस हातभर अंतरावर लावून ठेवला, ऊन कडक असल्यामुळे लेन्सचं भोक बारीक ठेवता आलं, म्हणून थोडं पुढेमागे झालं तरी चालणार होतं. म्हणजे डोळ्याला लावायची गरज नव्हती. मोठ्याईने एकदा कॅमेऱ्याकडे बघितलं. कालच्या अनुभवाने, आणि तो डोळ्याला लावलेला नाही म्हणून, तिने तो मोजण्यातून काढून टाकला असावा.

आता तिला हसवायचं होतं, आणि हे काम माझ्याकडे आयुष्यात कधी आलं नव्हतं.

पण मी वर म्हटलं तसं, माझ्यासमोर लोक काहीही बोलतात, आणि मी ते ठेवून घेते. मोठ्याई उमरखेडच्या विहिणीशी फोनवर बोलते तेव्हा तिचा आवाज बदलतो. वऱ्हाडी जाते आणि टीव्हीवरच्या बातम्यांसारखी मराठी येते, मधूनमधून तडे जातात तेव्हा फोनवर हात ठेवून ती खरं बोलून घेते. मोठ्याईने साचा भरला, दांडी फिरवायला लागली. पहिली कुरडई प्लास्टिकवर उतरली. मी एक हात कानाला लावला.

"नमस्कार हं विहीणबाई," मी म्हटलं. "आपली तब्येत कशी आहे? आमची मुलगी ना, अगदी शांत स्वभावाची आहे हो." मग दुसरा हात तोंडापुढे धरला. "अवं मरतुकडे, थो कुकर बंद कर न वं, कवाचा बोंबलून राह्यला." पुन्हा गोड आवाजात, "नाही हो, घरी कुणी ओरडत नाही. टीव्ही आहे."

गच्चीवर सगळं थांबलं. मी इतकं मराठी एका दमात बोलले आहे हेच आधी त्यांना पचायचं होतं. मोठ्याईचे डोळे माझ्यावर रोखलेले. एक क्षण वाटलं, साच्यासकट अंगावर येते.

"आणि हुंड्याचं तर नावच नको," मी म्हटलं, कारण आता मागे फिरणं जास्त कठीण होतं. "आम्हाला फक्त मुलगा निर्व्यसनी पाहिजे. अहो, हे? हे खोकत नाहीत, हे हसत आहेत."

पहिल्या खाला फुटल्या. त्यांच्या मागून मोठ्याई. तिचा उजवा हात दांडी सोडून तोंडाकडे निघाला, साचा कलंडायला लागला, हात परत दांडीवर गेला. डावा निघाला, तोही परतला. कमरेचा पदर निघता निघेना. मग तिने तोंड झाकायचा नाद सोडला आणि हसली. चीक वेडावाकडा उतरत होता, कुरडईचं गोल जाळं जाऊन साप झाला होता, आणि ती "थांब वं, थांब वं पोट्टे" म्हणत होती. मी प्लास्टिक सोडून कॅमेऱ्याचं बटण दाबलं. रोल पुढे सरकवायची चावी ओढली, पुन्हा दाबलं. कुठे बघून दाबते आहे याची मला कल्पना नव्हती.

दुपारी डबीतून फिल्म काढली तेव्हा माझ्या मागे बाथरूममध्ये ताई उभी होती. एकात नुसतं आकाश होतं. एकात खालांचे नुसते गुडघे. आणि एकात मोठ्याई. फोटो तिरका होता, खालच्या कोपऱ्यात माझाच अंगठा, एका बाजूला बिघडलेली कुरडई, दुसऱ्या बाजूला खाला डोळे पुसताना, आणि मधे ती, मान मागे, दोन्ही हात साच्यावर अडकलेले. पन्नासने खाला आणि कुरडई दोन्ही कापल्या असत्या, आणि मग ती कशाला हसते आहे ते कळलंच नसतं. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं असतं, त्यामुळे तुटलेल्या दाताची जागा दिव्यासारखी चमकत होती. नळ ताईनेच बंद केला.

रविवारी जावई आला, साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, कुर्त्यात. मी त्याला पन्नासची लेन्स सोनपापडीच्या रुमालात बांधून दिली. "हे चांगली असते म्हनतात," तो म्हणाला. मी मान हलवली. चांगलीच होती.

सोमवारी निगेटिव्हचा फोटो मोबाइलवर घेऊन त्यातलं काळं-पांढरं उलटं केलं आणि गावातल्या स्टुडिओत पेनड्राइव्ह दिला. दोन प्रती मोठ्या काढा, एवढंच सांगितलं. संध्याकाळी पाकीट मिळालं. पहिली प्रत बरोबर होती. दुसरीत मोठ्याई गोरी झाली होती, मानेवरच्या सुरकुत्या गेल्या होत्या आणि दात पूर्ण बसला होता.

"दात तुटला होता, तं एकीत दुरुस्त करून देला," स्टुडिओवाला म्हणाला. "त्याचे वेगळे पैसे लागत नाई."

मला ते पाकीट घरी लपवायचं होतं. पण जिन्यातच मोठ्याई भेटली आणि तिने हातातून ते घेतलं. आधी तिरका फोटो बघितला. बराच वेळ. मी भिंतीकडे बघत होते. ताई वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मी मांगितला होता तिले. उमरखेडले न्याले. तू नाई म्हनशीन तं नाई नेत."

मोठ्याईने दुसरा फोटो वर घेतला. लांब धरला, जवळ धरला.

"हे कोन बाई हाय?" तिने विचारलं.

"तुम्हीच," मी म्हटलं. "स्टुडिओवाल्याने दात बसवला."

"कोनाले इचारून?"

तिरका फोटोही मी कुणाला विचारून काढला नव्हता, आणि ते तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले, पापड निवडताना धरते तसे. तुटक्या दाताचा तिने ताईच्या हातात दिला.

"साड्याच्या खाली ठेव. रुखवतात मांडशीन तं पाय तोडीन."

"आणि हा?" ताईने दुसऱ्याकडे बोट केलं.

मोठ्याईने त्या गोऱ्या, पूर्ण दाताच्या बाईला पुन्हा एकदा नीट न्याहाळलं.

"हे विहीनबाईले दे," ती म्हणाली. "फोनवर थे हिच्याशीच बोलते."